नांगर आधी की बो-रोलर आधी? (९.८ मीटर शिडाची बोट)

तिरपं_शीड

नमस्कार मंडळी,

बोट ९.८ मीटर, सामान-पाणी भरल्यावर ५ टनांच्या आसपास. एक डोलकाठी, पुढे फर्लिंग जिब (गुंडाळून ठेवता येणारं पुढचं शीड). बोटीबरोबर आलेला नांगर सीक्यूआर छापाचा, बिजागरीवाला, १२ किलोचा. त्याला २० मीटर ८ मिमी साखळी आणि पुढे तीनपेडी नायलॉनचा दोर. स्वच्छ वाळूत हा नांगर बरा बसतो. तळ घट्ट असला किंवा वर समुद्री गवत असलं की मात्र तो आडवा पडून नुसता खरडत येतो.

वर कमान असलेला नव्या पद्धतीचा नांगर घ्यायचं मनात आहे. तक्ते पाहिले तर माझ्या बोटीला १५ किलो पुरावा असं दिसतं. पण खरी गोची बो-रोलरची आहे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर साखळी ज्याच्यावरून आत-बाहेर जाते आणि नांगर जिथे बसतो त्याची. सध्याचा रोलर म्हणजे फोरस्टेच्या (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेच्या) फिटिंगलाच वेल्ड केलेले दोन ३ मिमी पत्रे आणि त्यांच्या मधे नायलॉनची चकती. ती चकती फिरतच नाही, साखळी तिच्यावरून घासत जाते. पत्र्यांपैकी एक किंचित बाहेर वाकलाय. नव्या नांगराचा दांडा यात बसेल असं वाटत नाही.

तर आधी नांगर घेऊन त्याच्या मापाचा रोलर करून घ्यावा, की रोलर आधी करून त्यात बसेल तो नांगर घ्यावा? १५ ऐवजी २० किलो घेणं वेडेपणा आहे का? आणि नांगर तोच ठेवून साखळी १० मिमी केली तर काम भागेल का?

गाठमाऱ्या

आधी-नंतर असं काही नसतं हो. नांगर आणि रोलर ही एकच खरेदी आहे. दोन्ही कागदावर जुळल्याशिवाय एकाचेही पैसे मोजू नका.

बहुतेक उत्पादक नांगराची बाजूने आणि वरून मापं देतात, काही जण खऱ्या मापाचा नकाशाही देतात. तो पुठ्ठ्यावर उतरवून घ्या, नंतर प्लायवूडमधे कापा. कमान आणि पाती आडव्या प्लायमधून कापून दांड्याला काटकोनात स्क्रूने बसवा, म्हणजे रुंदीही कळते. मग तो खोटा नांगर रोलरवर ठेवून बघा :

– टोक नाळेला (बोटीच्या पुढच्या कडेला) लागतंय का? तुमची नाळ सरळ उभी असेल तर रोलर बराच पुढे काढावा लागेल. तिरकी असेल तर नशीबवान आहात.
– दांड्याचं मागचं टोक किंवा कमान फर्लरच्या (जिब गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) ड्रमला अडतेय का?
– नांगर आत येताना, म्हणजे दांडा उभ्याचा आडवा होताना, मधेच कुठे अडकतो का? जागेवर बसलेला नांगर छान दिसतो, पण येता-जाता पुलपिटच्या (पुढच्या कठड्याच्या) नळीला ठोकतो. हे लोक तपासत नाहीत.

तिसरी गोष्ट नीट बघा. नांगर वर येतो तेव्हा कमान आणि पाती मोठा गोल घेत फिरतात, आणि त्या फिरण्याला लागणारी जागा नकाशावर दिसत नाही.

जुना_खलाशी

जरा थांबा. सीक्यूआरला एकदम भंगारात काढू नका. १९३३ साली जी. आय. टेलर नावाच्या शास्त्रज्ञाने तो बनवला. द्रवपदार्थांच्या प्रवाहावर काम करणारा मोठा माणूस. सी-प्लेनसाठी हलका पण धरणारा नांगर हवा होता, त्यातून हे डिझाइन आलं. त्याच्यावर अर्ध्या शतकाहून जास्त काळ लोकांनी जग पालथं घातलं. नांगर खरडतो तेव्हा दहातल्या आठ वेळा साखळी आखूड सोडलेली असते.

खोली मोजताना पाण्यापासून नाळेची उंची धरता का? २ मीटर पाण्यात १० मीटर सोडली की माणूस म्हणतो खोलीच्या पाचपट झाली. नाळ १.२ मीटर वर असेल तर खरी उंची ३.२ मीटर, आणि पट जेमतेम तीन. त्यात भरती यायची असेल तर विचारूच नका. ओहोटीला ४ मीटर, भरतीचं ३ मीटर, नाळेचे १.२, मिळून ८.२. पाचपट म्हणजे ४१ मीटर. तुमच्याकडे साखळी २०. उरलेला दोर, आणि दोर असेल तर पाच नव्हे, सात पट धरायची.

माझं मत : आधी साखळी. नांगर नंतर.

मिलिमीटर

जुना_खलाशी, पटीबद्दल १००% अनुमोदन. पण "साखळी जाड करा" हा जो सल्ला यातून लोक काढतात त्यावर थोडं गणित करतो. (कंटाळा आला तर शेवटच्या ओळीवर उडी मारा.)

अमेरिकेतल्या एबीवायसीच्या (बोटींची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) तक्त्यात ३० फुटी बोटीवर ३० नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्यात येणारी ओढ सुमारे ३२० किलो धरलीय, ४२ नॉटला तिची दुप्पट. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट, या नियमात ते बरोबर बसतं. हे आकडे सावधपणे जास्तच धरलेले आहेत असं बरेच जण म्हणतात, पण फिटिंग निवडताना तेच वापरावेत.

साखळीच्या वजनामुळे ती पाण्यात झोल घेते, आणि त्या झोलामुळे नांगरावरची ओढ आडवी राहते. कुठपर्यंत? ८.२ मीटर उंची, ४१ मीटर साखळी घेऊ. ८ मिमी साखळी हवेत साधारण १.४ किलो प्रति मीटर, पाण्यात १.२. ओढ १२० किलोच्या आसपास गेली की शेवटची कडीसुद्धा तळापासून उचलली जाते. १० मिमीची साखळी घेतली (हवेत २.२५, पाण्यात जवळपास २) तर हाच आकडा १९० किलोपर्यंत जातो.

वरच्या नियमाने वाऱ्यात रूपांतर केलं तर ८ मिमी साखळीचा झोल १८ नॉटला संपतो, १० मिमीचा २३ नॉटला. म्हणजे ५० मीटर साखळीमागे ४० किलोहून जास्त वजन नाळेच्या टोकावर चढवून तुम्ही पाच नॉट विकत घेतले. जोराचा वारा आला की दोन्ही साखळ्या जवळपास सरळच. तेव्हा धरून ठेवतं ते जमिनीत गाडलेलं पातं आणि साखळीचा जमिनीशी असलेला कोन. कोन येतो लांबीतून, जाडीतून नाही.

थोडक्यात : ८ मिमीच ठेवा, पण ती ५०-६० मीटर करा. ग्रेड ४० घ्या, तुटण्याचा भार साधारण ४ टन, तुमच्या बोटीला भरपूर. वाचलेल्या वजनातले पाच किलो नांगरात घाला. २० किलो हा वेडेपणा नाही, फक्त तो उचलणार कोण आणि रोलर झेलणार का, एवढंच बघा.

ओहोटी

वाचतेय. जरा रोलरचा फोटो टाका की.

सुकाणूवाली

नांगराच्या जातीबद्दल दोन शब्द, कारण "नव्या पद्धतीचा" म्हणजे नेमका कुठला हे अजून ठरलेलं दिसत नाही.

डेल्टासारखे अखंड फाळवाले नांगर १९८० च्या दशकाच्या शेवटी आले. बिजागरी गेली, टोकात वजन आलं आणि रोलरवरून आपोआप घसरत जाण्याची सोय झाली. पुढचं मोठं पाऊल म्हणजे खोलगट पातं. शेतातल्या नांगरासारखं फाळ माती दोन्ही बाजूंना सारतं, खोलगट पातं ती धरून ठेवतं. स्पेड, रोकना, मँटस वगैरे सगळी या घराण्यातली. त्यातल्या काहींना कमान असते, काहींच्या टोकात शिसं भरलेलं असतं. दोन्हींचा उद्देश एकच : कसाही पडला तरी नांगर टोकावर उलटावा.

कमान चांगली चालते, पण दोन तक्रारी खऱ्या आहेत. दाट गवतात आणि चिकट चिखलात कमानीखाली गोळा अडकतो. वारा फिरून नांगर उपटला गेला तर त्या गोळ्यासकट तो पुन्हा नीट रुतत नाही. दुसरी तक्रार रोलरची, आणि तुमची अडचण तीच आहे. म्हणून व्हल्कनसारखे बिनकमानीचे प्रकार निघाले. ड्रम अडत असेल तर तिकडे वळा, त्यात कमीपणा नाही.

आणि एकदम पातळ चिखल हा वेगळाच प्राणी. तिथे वजन नव्हे, पात्याचं क्षेत्रफळ लागतं. अॅल्युमिनियमचा फोर्ट्रेस त्यासाठी ठेवावा. त्याच्या पात्यांचा कोन वाळूसाठी ३२ अंश आणि मऊ चिखलासाठी ४५ अंश करता येतो. तुमच्या मापाचा साडेचार किलोचा येतो, सुटा करून लॉकरमधे राहतो. पण मुख्य नांगर म्हणून नको. ओढीची दिशा उलटली की साखळी त्याच्या आडव्या दांड्यात अडकू शकते आणि मग तो सुटतो.

तिरपं_शीड

सगळ्यांचे आभार, विशेषतः मिलिमीटर यांचे. १८ आणि २३ नॉट वाचून १० मिमीचा विषय डोक्यातून गेला.

पुठ्ठा लावून पाहिला. नाळ बऱ्यापैकी तिरकी आहे, त्यामुळे टोक लागत नाही. पण फोरस्टे आणि रोलर एकाच रेषेत असल्याने १५ किलोची कमान ड्रमखाली घुसते आणि दांड्याचं मागचं टोक ड्रमच्या पिंजऱ्याला टेकतं. २० किलोचा तर प्रश्नच नाही. बिनकमानीचा बसतोय असं वाटतं, पण दोन बोटं अंतर उरतं.

फोटोत दिसेल, रोलरचा डावा गाल (बाजूचा पत्रा) बाहेर वाकलाय. हातोडीने सरळ करून वर एक आडवा बोल्ट टाकला तर?

मिलिमीटर

नका. तो वाकलेला गाल तुम्हाला फुकटात सांगतोय की मूळ डिझाइन कुठे कमी पडलं.

नांगरावरची बोट स्थिर उभी राहत नाही, डावी-उजवीकडे झुलत राहते. ३०-४० अंशांपर्यंत झुलणं शिडाच्या बोटीला नवं नाही. ३२० किलोची ओढ ४० अंश तिरकी आली तर एका गालावर आडवा भार २०० किलोच्या पुढे. साखळी बुडापासून ८ सेंमी वर टेकतेय असं धरा आणि गाल १० सेंमी रुंद. ३ मिमी पत्रा यात वाकणारच, ३१६ स्टेनलेस ज्या ताणाला वाकायला लागतं त्याच्या पाचपट ताण पडतो. ६ मिमी घेतला तर ताण एक चतुर्थांश होतो (जाडी दुप्पट, वाकण्याविरुद्धची ताकद चौपट), तरीही तो वाकण्याच्या हद्दीच्या थोडा वरच राहतो. ८ मिमी आरामात झेलतो. वरचा आडवा बोल्ट हवाच, त्याच्यामुळे दोन्ही गाल मिळून भार घेतात आणि साखळी उडी मारून बाहेरही पडत नाही. पण ३ मिमीला बोल्ट म्हणजे दुखण्याला फक्त मलम.

नवीन करून घेताना :
गालांच्या वरच्या कडा बाहेरच्या बाजूला वळवून गोल करून घ्या. धारदार कडेवर साखळी दबते, आणि स्नबरचा (साखळीला बांधून हिसके झेलणारा) दोर त्याच कडेवर एका रात्रीत कापला जाऊ शकतो. चकती नायलॉनची नको. नायलॉन पाणी पिऊन फुगतं आणि पिनवर आवळून बसतं, तुमची चकती बहुधा त्यामुळेच फिरत नाही. अॅसिटल किंवा यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीन घ्या. व्यास जमेल तितका मोठा, आणि मधोमध खाच अशी की उभी कडी खाचेत जाईल आणि आडवी कडी दोन्ही बाजूंच्या खांद्यांवर टेकेल. म्हणजे साखळी वर येताना पीळ खात नाही.

आणि तो फोरस्टेच्या फिटिंगला वेल्ड केलेला प्रकार मला अजिबात आवडत नाही. नांगराचे हिसके थेट त्या फिटिंगला, ज्याच्यावर तुमची डोलकाठी उभी आहे.

गाठमाऱ्या

+१ शेवटच्या वाक्याला. फोरस्टेच्या बाजूला, मध्यरेषेपासून १०-१५ सेंमी सरकवून, डेकवर स्वतंत्र रोलर बसवा. मध्यरेषेवर नाही म्हणून बोट वेडीवाकडी उभी राहील ही भीती व्यर्थ आहे, एवढ्याने काही फरक पडत नाही. ड्रमही आपोआप बाजूला राहतो. कदाचित कमानवाला १५ किलोसुद्धा बसेल. पुलपिटचा पुढचा पाय तेवढा सांभाळा.

ओहोटी

आगंतुक प्रश्न : साखळी आणि नांगर यांच्यात स्विव्हल (फिरता जोड) लावावं का? माझ्या बोटीवर चकचकीत स्टेनलेसचं आहे. त्याशिवाय नांगर उलटा वर येतो असं ऐकलं.

गाठमाऱ्या

ओहोटी, चांगलं विचारलंत, कारण रोलरशी याचा थेट संबंध आहे.

स्विव्हलने नांगर आपोआप सरळ होत नाही. नांगराचं वजन लटकत असताना त्यातलं घर्षण इतकं असतं की फिरण्यापेक्षा साखळीच पीळ खाते. नांगर उलटा येत असेल तर तो तळ सोडून पाण्यात लटकत असताना बोट हळूच मागे घ्या. पाण्याच्या प्रवाहाने तो बहुतेक वेळा स्वतःच फिरतो.

स्विव्हल लावायचंच असेल तर त्याचे दोन कान थेट दांड्यावर बसवू नका. वारा फिरल्यावर दांडा चिखलात घट्ट आणि ओढ बाजूने, अशा वेळी ते कान तरफेसारखे उघडतात. दांड्याला शॅकल (पिनवाली जोडकडी), मग साखळीच्या तीन-चार कड्या, मग स्विव्हल. म्हणजे ते सगळ्या बाजूंनी वळू शकतं. मी म्हणतो काढूनच टाका. भार कोरलेलं गॅल्व्हनाइज्ड शॅकल पुरे. ८ मिमी साखळीच्या कडीतून साधारण १० मिमीचीच पिन जाते, म्हणून शॅकल हाच साखळीतला सगळ्यात अशक्त मणी ठरू शकतो. तिथे बिनछापाचा माल नको. पिनला तार बांधा. प्लास्टिकची पट्टी उन्हाने कुजते.

स्टेनलेसचं अजून एक : चिखलात, प्राणवायू नसलेल्या पाण्यात, ते भेगांमधून आतून गंजतं. बाहेरून आरसा, आतून पोकळ.

जुना_खलाशी

गणितापुढे मी हात टेकले नाहीत, पण रोलरबाबत पोरं बरोबर बोलतायत.

जुनं फिटिंग काढायला घ्याल तर फोरस्टे सुटेल हे ध्यानात आहे ना? आधी बॅकस्टे (डोलकाठीची मागची तार) सैल करा. मग स्पिनेकर शिडाचा हॅलयार्ड (शीड वर ओढायचा दोर) आणि जिबचा सुटा हॅलयार्ड, दोन्ही पुढे मजबूत जागी बांधून ताणा. डोलकाठी त्या दोघांवर उभी आहे याची खात्री झाल्यावरच पिनला हात लावा. एकटे करू नका. वेल्ड केलेले गाल कापून काढायचे असतील तरी फिटिंग बोटीवर असताना ग्राइंडर लावू नका. लोखंडी किस डेकवर उडतो आणि चार दिवसांत सगळीकडे गंजाचे ठिपके उमटतात.

खरं तर कापताच कशाला? जुने गाल राहू द्या, दुसऱ्या नांगराच्या दोराला उपयोगी पडतील.

सुकाणूवाली

डेकवर बसवताना खालची गोष्ट वरच्यापेक्षा महत्त्वाची. तुमचा डेक बहुधा सँडविच असेल, दोन फायबरच्या थरांमधे बाल्सा किंवा फोम. सरळ भोक पाडून बोल्ट आवळलात तर मधला भाग चेपतो, आणि एकदा पाणी गेलं की बाल्सा आतल्या आत कुजतो.

भोक मुद्दाम मोठं पाडा. वाकवलेला खिळा ड्रिलमधे धरून कडेचा बाल्सा थोडा आत कोरा. खालून टेप लावून घट्ट कालवलेलं इपॉक्सी भरा. सुकल्यावर त्यातून बोल्टच्या मापाचं भोक. वरच्या तोंडाला छोटा उतार द्या, म्हणजे ब्यूटिल टेपची (पाणी अडवणाऱ्या चिकट पट्टीची) एक चकती बोल्टभोवती बसते. आवळताना बोल्ट धरून ठेवायचा आणि खालून नट फिरवायचा, नाहीतर सील पिळवटून निघतं. ब्यूटिल एका दमात आवळू नका, दोन-तीन दिवस थोडं थोडं.

खाली वॉशरवर भागवू नका. रोलरच्या पूर्ण लांबीची पट्टी हवी, ६ मिमी स्टेनलेस किंवा जाड फायबरग्लासची. ती साखळीच्या लॉकरच्या पडद्याला टेकवता आली तर सोन्याहून पिवळं, कारण लाटेवर नाळ वर उसळते तेव्हा रोलरचं टोक खाली खेचलं जातं आणि मागचे बोल्ट उपटायला बघतात. याच कारणाने रोलर गरजेपेक्षा एक सेंमीही पुढे काढू नका.

तिरपं_शीड

अपडेट.

मध्यरेषेच्या डावीकडे १२ सेंमीवर स्वतंत्र रोलर करायचं नक्की केलं. ८ मिमी ३१६, गालांच्या कडा बाहेर वळवलेल्या, वर काढता येणारा आडवा बोल्ट, ७५ मिमी व्यासाची अॅसिटलची खाचेची चकती. १० मिमीचे सहा बोल्ट, खाली फायबरग्लासची पट्टी.

प्लायवूडचा नांगर करून फिरवून बघितला. कमानवाला १५ किलो बसतो आणि आत येतानाही ड्रमला लागत नाही. पण गाठमाऱ्या म्हणाले तेच : पुलपिटच्या पायाला कमान टेकते, तेही शेवटच्या काही अंशांत. बिनकमानीचा २० किलो मोकळेपणाने आत येतो. गवताची तक्रारही टळते. म्हणून बिनकमानीचा २० किलो, आणि ८ मिमी साखळी ५० मीटर.

दोन शंका : २० किलो आणि साखळी हाताने उचलणं माझ्याने होईल, घरच्यांच्याने नाही. विंडलास (साखळी ओढणारं यंत्र) घ्यायचा तर रोलरच्या रेषेत कसा? आणि स्नबर याच रोलरवरून जाऊ द्यावा का?

मिलिमीटर

रोलरच्या चकतीचा माथा आणि विंडलासच्या जिप्सीवर (साखळी पकडणाऱ्या खाचांच्या चाकावर) साखळी चढते ती जागा यांची उंची जुळली पाहिजे, आणि वरून पाहिलं तर दोन्ही एका सरळ रेषेत. तिरकी आली की साखळी जिप्सीवरून उडते. रोलर मध्यरेषेपासून १२ सेंमीवर आहे तर विंडलासही तेवढाच सरकवा, किंवा रोलरच थोडा वळवून बसवा. म्हणून विंडलासची जागा ठरल्याशिवाय रोलरची भोकं पाडू नका.

जिप्सी साखळीच्या मापाचीच. ८ मिमीत फार गोंधळ नाही, डीआयएन ७६६ मानकाची असो वा आयएसओची, कडीची आतली लांबी २४ मिमीच असते. १० मिमीत मात्र डीआयएनची २८ आणि आयएसओची ३०. तुम्ही तो पर्याय सोडलात ते या दृष्टीनेही बरं झालं.

क्षमता ठरवताना नांगर आणि सगळी साखळी मिळून होणाऱ्या वजनाच्या तिप्पट-चौपट ओढ धरा. तुमच्या बाबतीत हे वजन ९० किलोच्या आसपास येतं. बोट पुढे खेचायला विंडलास वापरू नका, इंजिनने पुढे जा आणि सैल झालेली साखळी फक्त गोळा करा. रात्रभराचा भार तर त्याच्यावर कधीच नको.

गाठमाऱ्या

स्नबर रोलरवरून गेला तर झुलण्याचा सगळा आडवा भार पुन्हा गालांवर येतो. जमलं तर दोन पायांचा करा, डाव्या-उजव्या क्लीटवरून (दोर बांधायच्या खुंटीवरून) फेअरलीडमधून (दोराला वाट देणाऱ्या कडीतून) बाहेर. १०-१२ मिमी तीनपेडी नायलॉन, ८ ते १० मीटर, घासण्याच्या जागी नळीचा तुकडा. साखळीला हुक किंवा रोलिंग हिचची गाठ. झुलणंही थोडं कमी होतं.

अजून एक, बोलायचं राहिलं होतं : साखळीचं आतलं टोक लॉकरमधे शॅकलने पक्कं करू नका. दोराने बांधा, आणि तो दोर इतका लांब ठेवा की साखळी पूर्ण गेल्यावर दोर डेकवर दिसेल. रात्री घाईत सगळं सोडून निघायची वेळ आली तर चाकूने कापता आलं पाहिजे.

ओहोटी

स्विव्हल काढलं. आत पिनवर तपकिरी रेघ होती. गाठमाऱ्या, धन्यवाद.

जुना_खलाशी

तिरपं_शीड, जुना १२ किलोचा विकणार असाल तर विपू (विचारपूस) करा.

तिरपं_शीड

जुना_खलाशी, केली. बिजागरीची पिन थोडी झिजलीय, आधी बघून घ्या.

मिलिमीटर, विंडलासची जागा आखली. लॉकरमधे जिप्सीखाली साखळी पडायला ४० सेंमी मिळतात, ५० मीटरचा ढीग धरून. पुरतील का?

मिलिमीटर

सगळी साखळी आत असताना ढिगाच्या माथ्यापासून डेकच्या खालच्या बाजूपर्यंत ३० सेंमी मोकळे राहिले तर पुरतील. तुमचे ४० ढीग धरून मोजलेले असतील तर काम झालं. ढीग सुळक्यासारखा उभा राहत असेल तर लॉकरच्या तळाशी गुळगुळीत उतार द्या, साखळी स्वतःच पसरते. भोकं पाडायच्या आधी एकदा खरी साखळी आत टाकून बघा.